बहुपदींचा भागाकार: जुनाच भागाकार, फक्त दहाच्या जागी क्ष

२७४५ ला १३ ने भागून बघा. २७ मध्ये १३ दोनदा जातात, २६ वजा केले की उरला १. वरचे ४ खाली घेतले, झाले १४. त्यात १३ एकदा, उरला १. वरचे ५ खाली घेतले, झाले १५. पुन्हा एकदा, उरले २. भागाकार २११, बाकी २.

आता हे गणित बघा: २क्ष³ + ७क्ष² + ४क्ष + ५ ला क्ष + ३ ने भागा.

पहिलं गणित बोलता बोलता सोडवणारी मुलं दुसऱ्यापाशी अडतात. पण दुसऱ्याचं उत्तर २क्ष² + क्ष + १ आणि बाकी २ असं येतं. म्हणजे तेच २, १, १ आणि बाकीही तीच. हा योगायोग नाही. २७४५ म्हणजे २ हजार, ७ शतक, ४ दशक आणि ५ एकक. हजार म्हणजे दहाचा घन, शतक म्हणजे दहाचा वर्ग. दहाच्या जागी क्ष लिहा, की २७४५ ची २क्ष³ + ७क्ष² + ४क्ष + ५ होते आणि १३ चे क्ष + ३ होतात. बहुपदी म्हणजे जिचा पाया अजून ठरवलेला नाही अशी संख्या, असं समजलं तरी चालेल. दहाच कशाला, क्ष = १०० घ्या. मग भाज्य २०७०४०५, भाजक १०३, आणि भागाकार येतो २०१०१, बाकी २. अंक पुन्हा तेच, फक्त त्यांच्यामध्ये शून्यं आली.

म्हणून बहुपदींच्या भागाकारात नवं असं फार थोडं आहे. दीर्घ भागाकार आणि संश्लेषक भागाकार या दोन वेगळ्या युक्त्या म्हणून पाठ केल्या की त्या परीक्षेनंतर आठवड्याभरात विसरायला होतात. दोन्ही एकच आहेत हे एकदा दिसलं की पाठांतराची गरजच उरत नाही. ते दिसावं म्हणून हा लेख.

दीर्घ भागाकार

वरचंच उदाहरण पायरी पायरीने घेऊ. भाज्यातलं सगळ्यात मोठ्या घातांकाचं पद २क्ष³. भाजकातलं तसंच पद क्ष. २क्ष³ ÷ क्ष = २क्ष², हे भागाकाराचं पहिलं पद. आता या पदाने अख्ख्या भाजकाला गुणा आणि गुणाकार भाज्यातून वजा करा:

२क्ष² × (क्ष + ३) = २क्ष³ + ६क्ष²
(२क्ष³ + ७क्ष²) − (२क्ष³ + ६क्ष²) = क्ष²

पुढचं पद ४क्ष खाली घ्या. आता समोर क्ष² + ४क्ष आहे.

क्ष² ÷ क्ष = क्ष
क्ष × (क्ष + ३) = क्ष² + ३क्ष
(क्ष² + ४क्ष) − (क्ष² + ३क्ष) = क्ष

५ खाली घ्या. समोर क्ष + ५.

क्ष ÷ क्ष = १
१ × (क्ष + ३) = क्ष + ३
(क्ष + ५) − (क्ष + ३) = २

भागा, गुणा, वजा करा, पुढचं पद खाली घ्या. हेच फेरे तुम्ही १३ च्या गणितातही घेतले होते.

आता एक गोष्ट, जी मला नेहमी सांगावीशी वाटते. बहुपदींचा भागाकार संख्यांच्या भागाकारापेक्षा सोपा आहे. संख्यांमध्ये ‘किती वेळा जाईल’ याचा अंदाज करावा लागतो. ४८२ मध्ये ६७ किती वेळा जातात? आठ वेळा लिहून बघावं तर ५३६ होतात, मग खोडून सात. बहुपदीत असं खोडायची वेळच येत नाही. फक्त पहिल्या पदाला पहिल्या पदाने भागायचं. भाजकाची बाकीची पदं काहीही असोत, पहिलं पद नक्की कटतं. संख्यांमध्ये अंदाज चुकतो तो हातच्यामुळे. एककाच्या घरात दहा झाले की दशकाच्या घरात एक जातो, म्हणजे खालचं घर वरच्या घरात ढवळाढवळ करतं. बहुपदीत क्षच्या घरात बारा असले तरी ते १२क्ष म्हणून तिथेच राहतात, क्ष² च्या घरात शिरत नाहीत. ऋण अंक, अपूर्णांक, सगळं चालतं. अंक जुळणारं पहिलं उदाहरण मी हातचे येणार नाहीत असं बघूनच निवडलं होतं. हातचे आले की १० ठेवून आलेले अंक वेगळे दिसतील, पण पद्धत तीच राहील.

भाजक मोठा असला तरी काही बदलत नाही. ३क्ष⁴ − ५क्ष³ + ७क्ष − ७ ला क्ष² − २क्ष + १ ने भागू. इथे जरा थांबून आधी भाज्याकडे नीट बघा. क्ष² चं पद कुठे आहे? नाही. म्हणून त्याची जागा राखून ठेवायची:

३क्ष⁴ − ५क्ष³ + ०क्ष² + ७क्ष − ७

संख्येतही आपण हेच करतो. तीन हजार पाच लिहिताना ३५ लिहीत नाही, ३००५ लिहितो.

३क्ष⁴ ÷ क्ष² = ३क्ष². गुणाकार ३क्ष⁴ − ६क्ष³ + ३क्ष². वजाबाकी केली की −५क्ष³ मधून −६क्ष³ गेले, राहिले क्ष³. ०क्ष² मधून ३क्ष² गेले, राहिले −३क्ष². ७क्ष खाली घेतले: क्ष³ − ३क्ष² + ७क्ष.

क्ष³ ÷ क्ष² = क्ष. गुणाकार क्ष³ − २क्ष² + क्ष. वजा केल्यावर −क्ष² + ६क्ष. −७ खाली घेतले: −क्ष² + ६क्ष − ७.

−क्ष² ÷ क्ष² = −१. गुणाकार −क्ष² + २क्ष − १. वजा केल्यावर ४क्ष − ६.

इथे थांबायचं. ४क्ष ला क्ष² ने भागलं तर येणारं पद बहुपदीत बसत नाही. बहुपदीतल्या सगळ्यात मोठ्या घातांकाला तिची कोटी म्हणतात. बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा कमी झाली की भागाकार संपला. १३ ने भागताना बाकी १३ पेक्षा कमी झाली की थांबतो, तसंच. भागाकार ३क्ष² + क्ष − १, बाकी ४क्ष − ६. बाकी म्हणजे एखादी संख्याच असते असा समज इथे मोडतो: भाजक दुसऱ्या कोटीचा असेल तर बाकीत क्ष राहू शकतो.

वह्या तपासताना सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक या उदाहरणाच्या पहिल्याच वजाबाकीत होते. −५क्ष³ च्या खाली −६क्ष³ लिहिलेले असतात आणि उत्तर लिहिलं जातं −११क्ष³. दुसरी चूक तिचीच बहीण: पहिल्या पदाचं चिन्ह बदललं जातं आणि पुढच्या पदांचं बदलायचं राहून जातं. दोन्हींवर उपाय एकच. गुणाकाराची ओळ लिहून झाली की तिच्यातल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदला, सगळ्यांचं, आणि मग सरळ बेरीज करा. बेरजेत फारसं कुणी चुकत नाही.

उत्तर पडताळायचं असेल तर भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हे सूत्र आहेच, पण सगळा गुणाकार पुन्हा करत बसायला नको. क्ष ला एखादी छोटी किंमत द्या. क्ष = २ घेतलं तर भाज्य ४८ − ४० + १४ − ७ = १५. भाजक ४ − ४ + १ = १. भागाकार १२ + २ − १ = १३. बाकी ८ − ६ = २. आणि १ × १३ + २ = १५. जुळलं. एका किमतीला जुळलं म्हणजे उत्तर शंभर टक्के बरोबरच असं नाही, पण चिन्हाची चूक बहुतेक वेळा इथे पकडली जाते.

खोडत खोडत संश्लेषक भागाकार

आता पहिल्या उदाहरणाकडे परत जाऊ आणि हातात खोडरबर घेऊ. जे जे लिहायची गरज नव्हती ते पुसून टाकायचं.

सगळ्यात आधी क्ष पुसा. संख्या लिहिताना आपण हजार, शतक असे शब्द लिहीत नाही. अंकाची जागाच ते सांगते. तसं २, ७, ४, ५ एवढं लिहिलं तरी कोणता सहगुणक (क्षच्या घाताला गुणणारा आकडा) कोणत्या घाताचा हे कळतं. भाज्य झालं २ ७ ४ ५.

मग प्रत्येक गुणाकाराचं पहिलं पद पुसा. भाजकाचं पहिलं पद नुसतं क्ष असल्याने ते वरच्या पदासारखंच येतं आणि कटतं. जे कटणारच आहे ते लिहायचं कशाला? उरतात फक्त ६, ३, ३.

खाली घेतलेली पदं वरच्या ओळीत आधीच आहेत, तीही पुसा. आणि शेवटी भागाकारही वेगळा लिहायला नको, कारण प्रत्येक वजाबाकीनंतर उरलेला पहिला सहगुणक हाच भागाकाराचा पुढचा सहगुणक असतो. एवढं सगळं पुसल्यावर कागदावर तीन ओळी राहतात:

२   ७   ४   ५
—   ६   ३   ३
२   १   १   २

मधली ओळ वरच्या ओळीतून वजा केली आहे. मधली ओळ आली कुठून? ३ × २ = ६, ३ × १ = ३, ३ × १ = ३. म्हणजे तळच्या ओळीतल्या प्रत्येक आकड्याला ३ ने गुणून पुढच्या घरात मांडलं.

एकच सुधारणा बाकी आहे. वजाबाकीत चुका होतात हे आपण पाहिलं. म्हणून ३ ने गुणून वजा करण्याऐवजी −३ ने गुणून मिळवायचं:

−३ |   २   ७   ४   ५
   |   —  −६  −३  −३
       २   १   १ | २

झाला संश्लेषक भागाकार. ‘क्ष + ३ असेल तर −३ का घ्यायचे?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो. उत्तर एवढंच, की आपण वजाबाकीची बेरीज केली आणि तो बदल एकदाच, सुरुवातीला, चिन्हात करून टाकला. भाजक क्ष − ५ असेल तर तिथे ५ येतील. क्ष + ३ ला शून्य करणारी किंमतही −३ च आहे, आणि या गोष्टीला फार महत्त्व आहे. तिच्याकडे लगेच येतो.

त्याआधी शून्याची गोष्ट पुन्हा. दीर्घ भागाकारात जागा राखायला विसरलात तर क्ष³ च्या खाली क्ष² येतो आणि डोळ्यांना खटकतं. इथे क्ष पुसून टाकलेला असल्याने काहीच खटकत नाही. क्ष³ − ८ ला क्ष − २ ने भागायचं आहे आणि कुणी वरच्या ओळीत १ आणि −८ एवढंच लिहिलं, तर तळाला १ आणि −६ येतात. भागाकार १, बाकी −६. हा हिशोब चुकीचा नाही, तो दुसऱ्याच गणिताचा आहे: क्ष − ८ भागिले क्ष − २. बरोबर मांडणी १ ०  ० −८ अशी. तळाला १, २, ४ आणि बाकी ०, म्हणजे भागाकार क्ष² + २क्ष + ४.

शेवटचा आकडा

तळच्या ओळीतला शेवटचा आकडा म्हणजे बाकी. आता क्ष = −३ ही किंमत मूळ बहुपदीत घाला: २(−२७) + ७(९) + ४(−३) + ५ = −५४ + ६३ − १२ + ५ = २. बाकी आणि किंमत एकच आली.

कारण साधं आहे. भाज्य = (क्ष + ३) × भागाकार + बाकी. यात क्ष = −३ घातलं की कंस शून्य होतो, त्याला गुणलेला भागाकार कितीही मोठा असो, नाहीसा होतो, आणि उजवीकडे एकटी बाकी राहते. हाच शेष सिद्धांत. पुस्तकात तो वेगळ्या चौकटीत येतो म्हणून वेगळा वाटतो.

पण मला याहून जास्त आवडतो तो दुसरा मार्ग. बहुपदी अशी लिहा:

((२क्ष + ७)क्ष + ४)क्ष + ५

कंस सोडवून बघा, तीच बहुपदी आहे. आता आतून बाहेर येत क्ष = −३ ची किंमत काढा. आधी २. त्याला −३ ने गुणून ७ मिळवा: १. त्याला −३ ने गुणून ४ मिळवा: १. त्याला −३ ने गुणून ५ मिळवा: २. संश्लेषक भागाकाराची तळची ओळ आकड्यानिशी तशीच्या तशी! भागायला निघालो होतो आणि वाटेत किंमत काढून झाली. शिवाय यात घात वेगळे काढावे लागत नाहीत. बहुपदीची कोटी ‘न’ असेल तर ‘न’ इतके गुणाकार आणि ‘न’ इतक्या बेरजा पुरतात. याहून कमी गुणाकारांत कोणत्याही बहुपदीची किंमत काढणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे व्हिक्टर पान यांनी १९६६ मध्ये सिद्ध केलं.

या रीतीला हॉर्नरचं नाव आहे, कारण विल्यम जॉर्ज हॉर्नर यांनी ती १८१९ मध्ये इंग्लंडमध्ये मांडली. इटली आणि स्पेनमधली मुलं तिला रुफिनीचा नियम म्हणतात. पाओलो रुफिनी यांनी ती १८०४ मध्येच दिली होती. आणि चीनमध्ये छिन च्यूशाओ यांच्या १२४७ च्या ग्रंथात समीकरणांची मुळं काढायला हाच क्रम वापरलेला आहे. नुसते सहगुणक तक्त्यात मांडून बहुपदींचा भागाकार करण्याची कल्पना तर त्याहूनही जुनी: बाराव्या शतकात, बगदादमध्ये जन्मलेल्या अस्-समवअल यांनी ती वापरली होती.

व्यवहारात संश्लेषक भागाकार सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो अवयव पाडताना. २क्ष³ + क्ष² − २५क्ष + १२ घ्या. १२ चे विभाजक एकेक करून बघायचे. ३ घेऊन बघू:

३ |   २   १  −२५   १२
  |   —   ६   २१  −१२
      २   ७   −४ |  ०

बाकी शून्य, म्हणजे क्ष − ३ हा अवयव. आणि उरलेला भाग २क्ष² + ७क्ष − ४ आयता समोर आहे. त्याचे (२क्ष − १)(क्ष + ४) असे अवयव पडतात. नुसती क्ष = ३ ही किंमत घालून शून्य आलं असतं, तर पुढचा भागाकार वेगळा करावा लागला असता.

याच बहुपदीला २क्ष − १ ने भागायचं असेल तर? आपली सगळी खोडाखोड भाजकाच्या पहिल्या पदाचा सहगुणक १ असण्यावर उभी होती. इथे तो २ आहे. म्हणून आधी २ बाहेर काढा: २क्ष − १ = २(क्ष − १/२). आता १/२ घेऊन भागा. तळाला येतात २, २, −२४ आणि बाकी ०. म्हणजे क्ष − १/२ ने भागल्यावर २क्ष² + २क्ष − २४. पण आपल्याला भागायचं होतं दुप्पट भाजकाने, म्हणून भागाकार निम्मा होणार: क्ष² + क्ष − १२. भागाकाराला २ ने भागायचं, बाकीला मात्र हात लावायचा नाही. ‘भाजक × भागाकार’ या गुणाकारात एक दुप्पट आणि दुसरा निम्मा झाला, गुणाकार तोच राहिला, म्हणून बाकीही तीच राहते. इथे बाकी शून्य असल्याने फरक दिसत नाही, पण बाकी ७ असती तर ती ७ च ठेवायची, साडेतीन करायची नाही.

भाजक दुसऱ्या किंवा वरच्या कोटीचा असेल तर सरळ दीर्घ भागाकार करा. त्यासाठीही संश्लेषक मांडणी वाढवता येते, पण ती लक्षात ठेवण्याचे कष्ट वाचलेल्या शाईपेक्षा जास्त आहेत, असं माझं मत.

ज्यांना विकलन माहीत आहे त्यांच्यासाठी आणखी थोडं. पहिल्या उदाहरणात भागाकार आला २, १, १. त्यालाच पुन्हा −३ घेऊन तसंच भागा: २, −५, बाकी १६. पुन्हा एकदा: २, बाकी −११. शेवटी उरले २. या बाक्या उलट क्रमाने मांडा:

२(क्ष + ३)³ − ११(क्ष + ३)² + १६(क्ष + ३) + २

ही मूळचीच बहुपदी, क्ष + ३ च्या घातांत लिहिलेली. आणि १६ म्हणजे क्ष = −३ पाशी बहुपदीच्या विकलजाची किंमत. दशमान संख्या दुसऱ्या पायात लिहिताना आपण असंच पुन्हा पुन्हा भागून बाक्या गोळा करतो. हॉर्नर आणि रुफिनी यांना भागाकारापेक्षा हेच हवं होतं. असं सरकत सरकत ते समीकरणाच्या मुळाजवळ पोहोचत.

बाकी कामाला येते ती अशी

संगणकांतही हा भागाकार सतत चालू असतो. तिथे सहगुणक दोनच, ० आणि १, आणि वजाबाकीचा नियम असा: सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. हातचा नाही, उसनं घेणं नाही.

समजा ११०१ हा संदेश पाठवायचा आहे आणि दोन्ही बाजूंनी भाजक ठरलेला आहे १०११, म्हणजे क्ष³ + क्ष + १. संदेशापुढे तीन शून्यं जोडा, ११०१००० झाले, आणि भागा. ११०१ मधून १०११ गेले, राहिले ११०. शून्य खाली घेतलं, ११००. त्यातून १०११ गेले, राहिले १११. शून्य खाली, १११०. राहिले १०१. शून्य खाली, १०१०. राहिला १. बाकी तीन घरांत लिहिली तर ००१. ती तीन शून्यांच्या जागी ठेवून ११०१००१ पाठवायचं.

ज्याला ते मिळतं तो १०११ ने भागतो. सगळं नीट पोहोचलं असेल तर बाकी शून्य. वाटेत चौथा अंक उलटला आणि ११००००१ पोहोचलं, तर बाकी येते ०११, आणि काहीतरी बिघडलं हे लगेच कळतं. एकच अंक उलटला असेल तर हा भाजक तो कधीच सुटू देत नाही, कारण एकट्या क्षच्या कोणत्याही घाताला क्ष³ + क्ष + १ ने पूर्ण भाग जात नाही. इथरनेटच्या केबलमधून जाणारी माहिती, झिप फाइल, पीएनजी चित्र, या तिन्हींत हीच तपासणी असते. फरक एवढाच की तिथला भाजक ३२ व्या कोटीचा असतो आणि बाकी ३२ अंकांची.